एक जास्तीचा अनुस्वार

‘मागच्या अंगणात खंत पसरले होते.’

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते, चहा झाला होता, चष्मा नुकताच पुसलेला होता आणि डोकं ठिकाणावर होतं. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे ज्यांनी ज्यांनी ही हकिगत ऐकली त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला की तुम्ही तेव्हा नीट जागे होता ना. होतो. मी बत्तीस वर्षं मुद्रितशोधक आहे. पुस्तक छापायला जाण्याआधी त्यातल्या चुका वेचून काढणं हा माझा धंदा. चूक राहिली तर सगळे माझं नाव घेतात, आणि राहिली नाही तर असा कोणी माणूस जगात असतो हे कोणाच्या गावीही नसतं.

पुस्तक होतं एका मेट्रनबाईंचं. एका मोठ्या इस्पितळात अडतीस वर्षं काढून त्या निवृत्त झालेल्या, आणि आता ऐंशी उलटल्यावर त्यांनी आपल्या आठवणी लिहिल्या होत्या. बत्तिसाव्या पानावर इस्पितळाच्या इमारतीचं वर्णन होतं आणि तिथे मागच्या अंगणात खंत पसरले होते. आता खंत ही स्त्रीलिंगी. ती पसरते, पसरत नाहीत आणि पसरले तर मुळीच नाही. मी ‘पसरले होते’ खोडून ‘पसरली होती’ केलं आणि खुर्चीत मागे टेकून वाक्य पुन्हा वाचलं. मागच्या अंगणात खंत पसरली होती. वा! एवढी अवाढव्य इमारत, आत शेकडो माणसं कण्हतायत, आणि त्या सगळ्यांची मिळून एक खंत मागच्या अंगणात पसरलेली. म्हटलं, बाई साध्यासुध्या नाहीत.

पुढचं वाक्य होतं, ‘त्यावर माळी सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडत असे.’

मी जरा चाचरलो. पण लेखकानं एकदा उंची गाठली की मुद्रितशोधकानं त्याचे पाय ओढू नयेत, असं माझं तत्त्व आहे. पुढे वाचलं. ‘महिन्याभरात टोमॅटो लागले.’

टोमॅटोपाशी माझा धीर सुटला. मी कॉम्प्युटरच्या पडद्यावरचं पान थोडं वर सरकवलं. शब्द वर गेला, अनुस्वार मात्र जागच्या जागी राहिला. वर गेलं ते नुसतं खत.

मी पान खाली आणलं. अनुस्वार पुन्हा खतावर बसला. वर नेलं, तो दोन ओळींच्या मधल्या मोकळ्या जागेत लटकत राहिला. कापडानं पुसला, नखानं खरवडला, फुंकर मारली. शेवटी चष्मा पुन्हा पुसला, कारण आमच्या धंद्यात काहीही बिघडलं की आधी चष्मा पुसायची पद्धत आहे. ठिपका काही हलेना.

बायको औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. डॉक्टरांची अक्षरं वाचून वाचून तिची नजर अशी झाली आहे की तिच्यापुढे माझ्या नजरेनं मान खाली घालावी. त्या दिवशी तिची दुपारची पाळी होती, म्हणून ती घरी होती. तिनं भिंग आणलं, पडद्याला नाक लावलं आणि निदान केलं.

“धूळ नाही. आतून आहे. पडद्याचा एक दाणा मेलाय.”

“पण नवाकोरा पडदा आहे! तीन महिने झाले घेऊन!”

“मग तो भाग सोडून वाच. पान जरा उजवीकडे सरकव.”

तिनं स्वतःच पान उजवीकडे सरकवलं. ठिपका डावीकडच्या राखाडी पट्टीत गेला आणि दिसेनासा झाला. प्रकरण इथे संपायला काहीच हरकत नव्हती. शहाण्या माणसाचं संपलंही असतं.

“एवढा एक ठिपका,” ती म्हणाली.

“ठिपक्याला एवढा म्हणू नकोस. एका ठिपक्यानं मतं फिरतात, माणसं चितेऐवजी चिंतेत पडतात...”

“मला नको सांगूस. आमच्याकडे ठिपका चुकला तर पेशंटला दहापट गोळी जाते. पण ठिपका चुकला म्हणून मी काउंटरला दोष देत नाही. दोनदा वाचते.”

हे तिनं सहज म्हटलं. मला मात्र ते लागलं. ज्या माणसानं नुकतीच खंतेवर टोमॅटोची बाग लावली होती, त्याला कोणी ‘दोनदा वाचते’ म्हटलेलं लागणारच. मी ठरवलं की हा पडदा कंपनीला परत घ्यायला लावायचा.

कंपनीच्या तक्रार क्रमांकावर बराच वेळ संगीत ऐकल्यावर एका अतिशय नम्र बाईंचा आवाज आला.

“आपल्या पडद्यावर एकूण किती ठिपके आहेत, सर?”

“एक.”

“आमच्या नियमानुसार पाच ठिपक्यांपर्यंत तो दोष धरला जात नाही, सर. तो पडद्याचा गुणधर्म धरला जातो.”

“अहो बाई, तो ठिपका अनुस्वारासारखा दिसतो! मी मुद्रितशोधक आहे!”

“बाकीच्या ग्राहकांना चालतो, सर.”

“बाकीचे ग्राहक पिक्चर बघतात. मी अनुस्वार बघतो.”

बाई म्हणाल्या, “सर, ‘पडद्यावर अनुस्वार’ अशी तक्रार आमच्या यादीत नाही. मी ‘इतर’ लिहू का?”

‘इतर’ लिहिलं गेलं. ठिपक्याचा फोटो पाठवा, असं फर्मान निघालं. मी फोनवरून बारा फोटो काढले. पडद्याचा फोटो काढला की त्यात इंद्रधनुष्यासारख्या लाटा येतात, हे ज्ञान मला त्या दिवशी झालं. लाटांमध्ये ठिपका बुडाला. एका फोटोत लाटा नव्हत्या, तो पाठवला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं : ‘फोटोमध्ये एक टक्कल असलेली व्यक्ती दिसत आहे. ठिपका दिसत नाही.’

आमच्या इमारतीत काहीही गुप्त राहत नाही, कारण वरच्या मजल्यावर बॉयलरवाले राहतात. त्यांनी आयुष्यभर कारखान्यांचे बॉयलर बसवले आणि निवृत्तीनंतर बॉयलर उरले नाहीत म्हणून इतरांच्या घरातली यंत्रं हाताशी धरली. माझं फोनवरचं बोलणं त्यांनी खिडकीतून ऐकलं होतं. ते दारातच म्हणाले, “दाब आणि उष्णता. जगातल्या कुठल्याही यंत्राला तिसरं काही लागत नाही.”

“हा पडदा आहे हो,” मी म्हणालो.

“पडदा म्हणजे काय? काचेच्या मागे बॉयलरच तो. बारीक बारीक.”

त्यांनी बायकोचा केस वाळवायचा ड्रायर मागवला. बायको आतून घेऊन आली आणि मला म्हणाली, “अहो, जपून हं. तुमचं पुस्तक अजून त्यातच आहे.” मग ड्रायरनं उष्णता आणि कापडात गुंडाळलेल्या अंगठ्यानं दाब, असा प्रयोग दहा मिनिटं चालला. अंगठा बॉयलरवाल्यांचा होता आणि काळीज माझं. अंगठ्याखाली पडद्यावर मोरपिसासारखे रंग फुटायचे. अंगठा उचलला तेव्हा ठिपका जागेवर होता आणि त्याच्याशेजारी आणखी एक ठिपका उगवला होता.

“उत्तम!” बॉयलरवाले म्हणाले. “कंपनीला पाचाच्या वर हवेत ना? दोन झालेच. उरलेल्या चारांना कितीसा वेळ लागतो?”

“नाही,” मी म्हणालो. “मी खोटे ठिपके पाडणार नाही.” हे बोलताना माझा आवाज किंचित थरथरला, आणि आपण किती सरळ माणूस आहोत असं वाटून मला बरंही वाटलं. पण खरं तेच सांगतो. तासाभरानं तो दुसरा ठिपका आपोआप गेला तेव्हा मला वाईट वाटलं. त्यानंतर दोन दिवस मी रोज सकाळी आधी पडदा पांढरा करून, रात्रीतून आणखी काही मेलंय का, ते आशेनं शोधत होतो.

या गडबडीत पुस्तकाचं कामही चालू होतं, आणि त्यात एक गोष्ट मला सुरुवातीपासून टोचत होती. मेट्रनबाईंचे यजमान त्याच इस्पितळात होते. लाँड्री सांभाळायचे. चादरी, गाऊन, डॉक्टरांचे कोट, सगळं त्यांच्याकडे. पुस्तकात ते पानोपानी येत होते. पण एका पानावर ‘ते म्हणाले’, आणि चार पानं पुढे गेलं की ‘तो म्हणाला’. इथे ‘त्यांचा डबा’, तिथे ‘त्याचा सदरा’. मुद्रितशोधकाच्या अंगाला असलं काही दिसलं की खाज सुटते. मी छापखान्याच्या मालकांना फोन केला.

“बाईंना विचारू का?”

“बाईंना एक विचारलंत तर त्या दहा सांगतील,” मालक म्हणाले. “एकसारखं करून टाका आणि शनिवारपर्यंत द्या. यंत्र सोमवारी मोकळं आहे.”

एकसारखं म्हणजे अर्थातच ‘ते’. मरण पावलेला माणूस, मेट्रनचा नवरा, आणि छापील पुस्तक. मी तोचा ते केला, त्याचाचा त्यांचा केला, म्हणालाचा म्हणाले केला. बत्तीस वर्षांत मी कितीतरी माणसांना अशी एका ठिपक्यात प्रतिष्ठा मिळवून दिली आहे. त्यांना त्याचा पत्ताही नसेल.

गुरुवारी कंपनीचा माणूस आला. पन्नाशीचा, कपाळावर चढवलेला चष्मा, खांद्याला जड बॅग. त्यानं चष्मा खाली घेतला, ठिपका पाहिला, चष्मा वर चढवला आणि म्हणाला, “तुमचं सॉफ्टवेअर जुनं आहे.”

“ठिपका सॉफ्टवेअरमधला नाही. पडद्यातला आहे. पान हललं तरी तो हलत नाही.”

“आमच्या पद्धतीत आधी सॉफ्टवेअर बघतात.”

पद्धतीपुढे कोणाचं चालतं? त्यानं पडद्याचं सॉफ्टवेअर नवीन केलं, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, आणि पडद्यावर सगळं चित्र कुशीवर वळून आलं. सगळी अक्षरं डाव्या अंगावर झोपलेली. त्यानं ते सरळ करायला माउस उजवीकडे नेला तर बाण वर गेला, वर नेला तर डावीकडे. तो, मी आणि बायको असे तिघं माना वाकड्या करून अर्धा तास तो बाण एका बटणापर्यंत पोचवत होतो. पोचला. बटण दाबलं. काही झालं नाही.

“हा प्रॉब्लेम तुमच्या मशीनचा आहे,” तो शेवटी मान चोळत म्हणाला. “माझं काम पडद्यापुरतं. इथे सही करा.”

“कशाबद्दल सही?”

“ठिपका पाहिल्याबद्दल.”

पाहिला होता हे खरं होतं. मी सही केली.

तो गेल्यावर मी डोकं धरून बसलो. बायकोनं मात्र मुकाट्यानं पडदा उचलला, कुशीवर उभा केला आणि तो पडू नये म्हणून दोन्ही बाजूंना शब्दकोशाचा एकेक खंड लावला. अक्षरं सरळ झाली.

“वाच आता,” ती म्हणाली आणि दुकानात गेली.

आणि गंमत म्हणजे हे फारच सोयीचं निघालं. पडदा असा उंच झाल्यामुळे पुस्तकाचं अख्खं पान एका वेळी दिसू लागलं. वर-खाली सरकवणं नाही, काही नाही. अडचण एकच झाली. पडदा अरुंद झाल्यामुळे पान पूर्ण रुंदी व्यापून बसलं, आणि कडेच्या राखाडी पट्टीत निवृत्त झालेला ठिपका थेट मजकुरात, एकोणिसाव्या ओळीच्या आसपास, पुन्हा कामावर रुजू झाला. मी एक शिस्त लावून घेतली. पान वाचून झालं की ते बोटभर हलवायचं आणि ती ओळ पुन्हा बघायची. दोनदा वाचायचं. कोणाचं ऐकून करतोय हे मी कोणाला सांगितलं नाही.

शनिवारी दुपारी शेवटची पानं राहिली होती. पान दोनशे बारा. बाईंचे यजमान त्यांच्याच इस्पितळात आजारी होते, आणि आता काय होणार ते कळत होतं. असं पान वाचताना मी जरा हळू होतो. एकोणिसावी ओळ वाचून झाली आणि फोन वाजला. नम्र बाई.

“सर, आपल्या तक्रारीचं समाधानकारक निवारण झालेलं आहे. आमच्या सेवेला पाचपैकी किती गुण द्याल?”

“निवारण? कसलं निवारण?”

“इथे लिहिलंय, सर. ‘पडदा फिरवून दिला.’”

पुढची पंधरा मिनिटं मी काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. माणसाच्या सहनशक्तीला मर्यादा असते इथपासून भाषेचं भवितव्य इथपर्यंत सगळं बोलून झालं. शेवटी मी म्हणालो, “शून्य! शून्य लिहा!”

“शून्य लिहायची सोय नाही, सर. कमीत कमी एक.”

मी एक दिला. बाईंनी आभार मानले आणि माझा दिवस आनंदात जावो अशी इच्छा व्यक्त केली. मी धुमसतच खुर्चीत येऊन बसलो, उरलेल्या ओळी वाचल्या, पुढचं पान वाचलं, पुस्तक संपलं, मालकांना पाठवून दिलं. दोनशे बारा पान हलवून बघायचं राहून गेलं. हे मला तेव्हा कळलं नाही. कळलं मंगळवारी.

पूर्ण छपाई सुरू करण्याआधी दोन-तीन प्रती नमुन्यादाखल काढतात. त्यातली एक बाईंकडे गेली होती, एक माझ्याकडे आली होती. मंगळवारी सकाळी मालकांचा फोन आला.

“काय घोळ घातलात? बाईंनी यंत्र थांबवायला लावलंय.”

“का?”

“मला सांगत नाहीत. तुम्हाला घरी बोलावलंय. ज्यानं हे पुस्तक तपासलं त्याला पाठवा म्हणाल्या. दोनशे बारा पानाबद्दल बोलायचंय.”

मी हातातल्या प्रतीत दोनशे बारा उघडलं. एकोणिसावी ओळ. ‘त्याचा हात माझ्या हातात होता.’

त्याचा.

पडद्यावर मी स्वच्छ ‘त्यांचा’ वाचलं होतं. अख्ख्या पुस्तकात त्या गृहस्थांना मी ते, त्यांनी, त्यांचा असं मानानं चालवलं, आणि जिथे त्यांचा जीव जात होता तिथे एकेरीवर आणलं! माझ्या कानशिलांतून वाफा यायला लागल्या. एखाद्या वृद्ध बाईनं आपल्या नवऱ्याच्या शेवटच्या क्षणाचं पान उघडावं आणि तिथे कोणा अनोळखी माणसानं त्याचा मान काढून घेतलेला दिसावा. बत्तीस वर्षांत माझ्या हातून ऱ्हस्व-दीर्घ राहिले असतील, एकदा एका मंत्र्याच्या नावात काना जास्त पडला होता. पण असं कधी नाही.

“मी नाही जात,” मी बायकोला म्हणालो. “पत्र लिहून माफी मागतो.”

“त्यांनी पत्र मागितलंय का? तुला बोलावलंय.”

“जाऊन काय सांगू? पडदा कुशीवर होता म्हणून तुमच्या नवऱ्याचा अपमान झाला?”

“जे झालं ते सांग,” ती बॅगेत डबा भरत म्हणाली. “माझ्याकडून एकदा गोळ्यांची चुकीची पट्टी दिली गेली होती. मी त्या माणसाच्या घरी गेले होते. तो रागावला, पण दार उघडलं त्यानं.”

हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती.

मेट्रनबाई पहिल्या मजल्यावर एकट्या राहत. खोली लहान, आणि इतकी स्वच्छ की मी दारातच बूट काढून वर मोजेही नीट ओढले. पलंगावरची चादर अशी ताणून खोचलेली होती की तिच्यावर नाणं टाकलं तर उडालं असतं. बाई उंच, ताठ. टेबलावर नमुन्याची प्रत होती आणि तिच्यातून बँडेजच्या कापडाच्या पांढऱ्या पट्ट्या बाहेर डोकावत होत्या. पुष्कळ पट्ट्या.

“बसा,” त्या म्हणाल्या. “हे पुस्तक तुम्ही तपासलंत?”

“हो. बाई, त्या दोनशे बारा पानाबद्दल मी...”

“आधी मी बोलते.” अडतीस वर्षं वॉर्ड चालवलेला आवाज होता तो. “माझ्या लिखाणात एक्केचाळीस जागी ‘तो’ होता. त्याचा तुम्ही ‘ते’ केलात.”

“पुस्तकभर एकसारखं असावं म्हणून.”

“मी एकसारखं लिहिलं नव्हतं. इस्पितळात लाँड्रीतल्या माणसाला काय म्हणतात ठाऊक आहे? नाव नाही घेत कोणी. ‘ए लाँड्री, चादरी आण.’ डॉक्टर म्हणायचे, वॉर्डबॉयसुद्धा म्हणायचे. मेट्रनचा नवरा असून. म्हणून वॉर्डात पाय ठेवला की मी ‘ते’ म्हणायची. ‘चादरींचं त्यांना विचारा, त्यांनी पाठवल्यात.’ मोठ्यांदा. चारचौघांत. दहा वर्षं लागली, मग बाकीचेही ‘ते’ म्हणायला लागले.”

“आणि घरी?” मी विचारलं.

“घरी कशाला? घरी तो माझा नवरा होता.”

मला एकदम आमच्या घरातली गोष्ट आठवली. बॉयलरवाले दारात उभे राहिले की बायको मला ‘अहो’ म्हणते आणि ते जिना चढून गेले की ‘अरे’. इतक्या वर्षांत मला त्यात दुरुस्त करण्यासारखं काही दिसलं नव्हतं. आणि या बाईंच्या घरात शिरून मी एक्केचाळीस ठिकाणी त्यांना त्यांच्याच नवऱ्याशी परक्यासारखं बोलायला लावलं होतं.

“पण दोनशे बारा,” बाई म्हणाल्या आणि त्यांचा आवाज खाली आला. “तो गेला तो माझ्याच वॉर्डात. भोवती सगळा स्टाफ उभा. माझ्या नियमानं तिथे ‘त्यांचा’ यायला हवं. मी दोन दिवस विचार केला आणि ‘त्याचा’ लिहिलं. आणि तुम्ही सगळीकडे बदललंत, पण नेमकं तेवढं एक ठेवलंत. मी म्हटलं, हा माणूस कोण आहे ते बघायला हवं. बाकीच्या जागी नियमानं वागला, पण इथे याला कळलं.”

त्या माझ्याकडे पाहत होत्या. आणि मी, खरं सांगतो, चार-पाच सेकंद तो माणूस होऊन बसलो. असा आदर माझ्या वाट्याला कधीच आला नव्हता. नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. कोणाचंही नुकसान नव्हतं. बाईंना समाधान, मला मान, आणि ठिपक्याची साक्ष काढायला कोण येणार होतं?

“बाई,” मी म्हणालो, “मला नाही कळलं.”

आणि मग सगळं सांगितलं. खत, टोमॅटो, गुणधर्म, ड्रायर, कुशीवरचा पडदा, पाचपैकी एक गुण. सांगताना ते इतकं खुळचट वाटत होतं की मध्येच थांबावंसं वाटलं. बाई एकदाही हसल्या नाहीत. मी संपवल्यावर त्यांनी दोनशे बारा पान पुन्हा उघडलं.

“म्हणजे तिथे तुम्हाला ‘त्यांचा’ दिसत होतं.”

“हो. नाहीतर तेही मी बदललं असतं.”

“बरं झालं सांगितलंत,” त्या म्हणाल्या. “नाहीतर मी तुम्हाला शहाणे समजले असते आणि बाकीचे एक्केचाळीस तसेच जाऊ दिले असते. म्हटलं असतं, या माणसाला जास्त कळतं.” मग त्यांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली. “पेन्सिल आहे?”

मुद्रितशोधकाच्या खिशात दुसरं काय असणार?

आम्ही पहिल्या पट्टीपासून सुरुवात केली. मी वाक्य वाचायचं, त्यांनी निकाल द्यायचा. ‘तो’, ‘तो’, ‘ते’, ‘तो’. एके ठिकाणी पाऊस पडत होता आणि यजमान वॉर्डाच्या दाराशी छत्री घेऊन उभे होते.

“इथे ते,” बाई म्हणाल्या.

“पुढच्या ओळीत तुम्ही दोघं निघालात.”

“गेटबाहेर पडलो का?”

मी वाचलं. “‘बागेवरून चालत गेटपाशी आलो आणि रस्त्याला लागताच...’”

“मग गेटपर्यंत ते. गेटबाहेर तो.”

“एकाच वाक्यात?”

“गेट एकाच वाक्यात आहे ना?”

मी केलं. बत्तीस वर्षं ज्याला चूक म्हणत आलो ती चूक स्वतःच्या हातानं पेन्सिलीनं लिहिली, आणि वाक्य वाचून पाहिलं. छत्री तीच, माणसं तीच, पण गेटबाहेर ती दोघं खरंच जरा जवळ आल्यासारखी वाटली.

मध्ये मालकांचा फोन आला. बाईंनी माझ्या हातातून तो घेतला, “चालू आहे,” एवढंच म्हणाल्या आणि ठेवला. मालकांना एवढ्या थोडक्यात कोणी गप्प केलेलं मी पाहिलं नव्हतं.

एक्केचाळीस संपले. पुस्तक मिटता मिटता पहिलं पान उघडलं गेलं. अर्पणपत्रिका. ‘ज्यांनी माझ्या वॉर्डाला स्वच्छ चादर कधी कमी पडू दिली नाही, त्यांना.’

“हे मी केलेलं नाही,” मी म्हणालो. “हे तुमच्या हस्तलिखितातच असं होतं. पण आता विचारतो. हे घरचं, की वॉर्डातलं?”

बाईंनी पुस्तक आपल्याकडे वळवून घेतलं. एवढा वेळ पटापट निकाल देणाऱ्या बाई पहिल्यांदाच अडल्या.

“त्यानं वाचलं असतं तर हसला असता,” त्या म्हणाल्या. “‘कोण गं हे त्यांना?’ म्हणाला असता.”

“मग ‘त्याला’ करू?”

त्यांनी बोटानं त्या ओळीवरची अदृश्य सुरकुती काढल्यासारखं केलं.

“एक प्रत इस्पितळाच्या वाचनालयात जाईल ना?”

“जाईल. मी स्वतः पाठवतो.”

“डॉक्टर लोक उघडतील?”

“पहिलं पान तरी उघडतीलच.”

“मग राहू द्या,” बाई म्हणाल्या. “तिथे ते.”

आणि माझ्या हातातली पेन्सिल घेऊन त्यांनी ‘त्यांना’वरचा अनुस्वार, चांगला ठळक होता तरी, आणखी एकदा गिरवला.